डोहातला प्राणवायू आणि धरणातला राखीव साठा

दुष्काळात धरणातून नदीसाठी पाणी सोडले की ते वाया गेले, अशी ओरड हमखास होते. कोरड्या पात्रात पाणी मुरते, वाटेत त्याचे बाष्पीभवनही होते, हे खरेच आहे. परंतु पर्यावरणीय प्रवाहासाठी, म्हणजे नदीतले जीव टिकावेत म्हणून सोडण्यासाठी, धरणात राखलेल्या पाण्याने दुष्काळातही नदी दुथडी वाहावी, अशी अपेक्षाच नसते. पात्रात उरलेले डोह जिवंत ठेवणे हे त्याचे मुख्य काम असते, कारण पुढच्या पावसानंतर मासे आणि शिंपले नदीभर पसरतात ते या डोहांतूनच.

डोह नेमका कशाने मरतो, हे पाहण्यासारखे आहे. उन्हाने वरचे पाणी तापते, हलके होते आणि खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहते. तापमान १० वरून १५ अंश सेल्सिअस झाले, तर एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे ०.६ किलोने घटते. २५ वरून ३० अंशांना जाताना मात्र ही घट सुमारे १.४ किलो असते. म्हणजे फरक पाचच अंशांचा असला, तरी उन्हाळ्यात थर दुपटीहून अधिक घट्ट बसतात आणि हलका वारा त्यांना ढवळू शकत नाही. तळाशी मेलेले शेवाळ कुजवणारे जिवाणू तिथला प्राणवायू संपवतात आणि वरून नवा पोहोचत नाही. मासे वरच्या थरात तग धरतात. पण एकाएकी हवा गार होऊन वारा सुटला की थर मिसळतात आणि साऱ्या डोहातला प्राणवायू खालावतो. ऑस्ट्रेलियातील डार्लिंग नदीत मेनिंडी येथे २०१८-१९ च्या उन्हाळ्यात लाखो मासे मेले, त्यामागे हीच प्रक्रिया होती. अशा घटनांना दैवी कोप मानण्यापेक्षा वेगवेगळ्या खोलींवरचे तापमान आणि प्राणवायू नियमित मोजावा. धोका आधीच दिसू लागतो.

म्हणूनच विसर्ग किती, याइतकाच तो केव्हा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. थर पक्के होण्याआधी सोडलेला प्रवाह डोह ढवळता ठेवतो. उशिरा सोडलेले थोडेसे पाणी मात्र तळाचे प्राणवायूहीन पाणी वर आणून हानीच करू शकते. शिवाय खोल धरणातही असेच थर असतात, त्यामुळे तळाच्या दारांतून सोडलेले पाणी थंड आणि प्राणवायूला पारखे असू शकते. वेगवेगळ्या पातळ्यांवरून पाणी घेणारी दारे याचसाठी हवीत, आणि राखीव हिस्सा न वापरल्यास तो पुढच्या वर्षासाठी साठवून ठेवण्याची मुभाही हवी, म्हणजे मुदत संपते म्हणून तो अवेळी सोडून द्यावा लागणार नाही.