जुन्या होम कॉम्प्युटरसाठी नवीन आरपीजी बनवणं

ॲपल टू, कमोडोर ६४, व्हिक-२०, झेडएक्स स्पेक्ट्रम, ॲमस्ट्रॅड सीपीसी, एमएसएक्स हे साधारण १९७७ पासून ऐंशीच्या दशकाअखेरपर्यंत परदेशात घरोघरी पोचलेले कॉम्प्युटर, आणि त्यांच्यासाठी आज, ते दुकानातून गायब होऊन तीस-चाळीस वर्षं झाल्यावर, नव्याने रोल-प्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन जग फिरायचा आणि लढायचा गेम) लिहायचा हा उद्योग. हल्लीच्या पीसीवर मुद्दाम जाड पिक्सेल काढून बनवलेले ‘रेट्रो’ गेम यात धरत नाहीत. गेम त्या मूळ मशीनवर, त्याच चिपवर, त्याच मेमरीत चालला पाहिजे, नाहीतर तो नुसता मेकअप.

आता जुन्या मशीनसाठी नवीन गेम बरेच येतात, पण त्यात उड्या मारायचे आणि गोळ्या झाडायचे जास्त, आरपीजी कमी, आणि त्याला कारण आहे. गोळीबाराच्या गेमला वेग लागतो, आणि वेग हुशारीने काढता येतो. आरपीजीला लागतो माल. गावं, तळघरं, राक्षस, तलवारींचे पंधरा प्रकार, प्रत्येक दुकानदाराचं वेगळं बोलणं, आणि हे सगळं कुठेतरी ठेवायला जागा पाहिजे. माझ्या मते म्हणूनच यातलं खरं कसब प्रोग्रॅमिंगपेक्षा सामान भरण्याचं आहे.

जागा किती ते बघा. कमोडोर ६४ (१९८२) चालू केला की स्क्रीनवर येतं ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’. एका अक्षराला एक बाइट धरला तर इंग्रजीत साधारण साडेसहा हजार शब्द, म्हणजे दिवाळी अंकातली एक दीर्घकथा, संपलं. त्यातच प्रोग्रॅम, चित्रं, संगीत, नकाशा. बेसिक या मशीनमधल्याच प्रोग्रॅमिंग भाषेचं रॉम (कायमची कोरलेली मेमरी) बाजूला सारून खालची मेमरी वापरता येते आणि सगळे तेच करतात, पण तरी एकूण ६४ केबीच. व्हिक-२० ची तर बातच नको, तिथे मूळ मशीनवर ३,५८३ बाइट्स हातात येतात, तरी त्याच्यावर ‘रियल्म्स ऑफ क्वेस्ट’ नावाची अख्खी आरपीजी मालिका आहे, अर्थात नंतरच्या भागांना जादा रॅम लावून.

नकाशाचं गणित

समजा जग २५६ बाय २५६ चौकटींचं ठेवलं, प्रत्येक चौकटीला एक बाइट. झाले ६५,५३६ बाइट्स, म्हणजे कमोडोरची सगळी मेमरी नकाशानेच खाल्ली. म्हणून जगाचे ३२ बाय ३२ चे तुकडे पाडायचे, एक तुकडा १,०२४ बाइट्सचा, असे ६४ तुकडे फ्लॉपीवर, आणि खेळाडू असेल त्याच्या आजूबाजूचे चारच मेमरीत. खेळाडू कडेला आला की पुढचा तुकडा डिस्कवरून आणायचा. आणि कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह म्हणजे बैलगाडी, मशीनच्या मूळ लोड करायच्या कोडने सेकंदाला जेमतेम ४०० बाइट्स, त्यामुळे एका तुकड्याला अडीच सेकंद, आणि सरहद्दीवर मागे-पुढे करणारा खेळाडू असेल तर तो बिचारा खेळण्यापेक्षा लाल दिवाच बघत बसतो. (हा ड्राइव्ह इतका हळू का, तर व्हिक-२० च्या वेळी एका चिपमध्ये दोष निघाला, म्हणून जे काम हार्डवेअरने करायचं ते सॉफ्टवेअरने एकेक बिट ढकलून करायला लागलं, आणि पुढे कमोडोर ६४ ने तेच ओझं आणखी हळू करून पुढे नेलं.) म्हणून बहुतेक लोक फास्टलोडर, म्हणजे डिस्क भराभर वाचणारा स्वतःचा कोड, लावतात, पण मग एसडी कार्डवर चालणारी काही स्वस्त उपकरणं तो फास्टलोडर ओळखत नाहीत, कारण त्यांच्यात खरा १५४१ नसतोच, आणि खेळाडू म्हणतो गेम हँग झाला.

चित्रांचंही तसंच. कॅरेक्टर मोडमध्ये, म्हणजे अक्षरांसारखे ठरलेले आकार मांडून स्क्रीन भरायची पद्धत, २५६ आकार मिळतात, प्रत्येक ८ बाय ८ पिक्सेल. त्यातले ६४ अक्षरं-आकड्यांना गेले, राहिले १९२. जमिनीचा एक तुकडा चार आकार मिळून बनवला तर होतात ४८ तुकडे. त्यात गवत, पाणी, पाण्याच्या चारही बाजूंचे काठ, उघडं दार, बंद दार, पेटारा, झाड, जिना... भसाभस संपतात. मग एकच काठ उलटासुलटा वापर, झाडाचा बुंधा खांब म्हणून खपव, असले उद्योग सुरू होतात.

बोलणी आणि फासे

संवाद हा सगळ्यात जागाखाऊ भाग. एक उपाय म्हणजे अक्षराला आठऐवजी पाच बिट द्यायचे (आठ बिटांचा एक बाइट), ३२ चिन्हांत काम भागवायचं, मग १,००० अक्षरं ६२५ बाइट्समध्ये बसतात. दुसरा, वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करून त्या शब्दाच्या जागी एकच बाइट टाकायचा. पण खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कमी बोलणं. या गेममधले म्हातारे ऋषी तुटक बोलतात ते गूढ म्हणून नाही, डिस्कवर जागा नव्हती म्हणून. कोणाला भेटलो, कुठलं दार उघडलं हे मात्र एकेका बिटात मावतं, २५६ घटना ३२ बाइट्सात, त्यामुळे सेव्ह फाइल छोटीशी असते.

फासे टाकायचे कसे? कमोडोरचा साउंड चिप, सिड, त्याचा तिसरा आवाज ‘नॉइज’वर, म्हणजे नुसत्या खरखरीवर, लावून ठेवायचा आणि मेमरीतल्या ५४२९९ या पत्त्यावर वाचायचं, दर वेळी ० ते २५५ मधला काहीतरी आकडा येतो. सहा बाजूंचा फासा हवा तर खालचे तीन बिट घ्यायचे, ० ते ७ येईल, ६ किंवा ७ आला तर फेकून परत वाचायचं. नुसता सहाने भाग देऊन बाकी घेतली तर २५६ ला सहाने पूर्ण भाग जात नाही, मग काही आकडे किंचित जास्त पडतात, आणि तसंही कमोडोरचा मेंदू असलेल्या ६५०२ कुळातल्या चिपला भागाकार येत नाही आणि गुणाकारही येत नाही! म्हणून मार किती बसला याचे तक्ते आधीच करून ठेवतात, अगदी शाळेतल्या पाढ्यांसारखे.

हत्यारं

आज कोणी त्या मशीनवर बसून कोड लिहीत नाही, म्हणजे लिहिणारे आहेत पण ते वेगळेच अवलिये. पीसीवर सीसी६५ नावाचा सी भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड चिपच्या भाषेत उतरवणारा) किंवा किक असेंबलर, चाचणीला व्हाइस हा इम्युलेटर (पीसीवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम), फाइल आवळायला एक्सोमायझर, स्पेक्ट्रमवाल्यांना सी कंपायलर म्हणून झेड८८डीके. इथे एक खड्डा ठरलेला आहे: इम्युलेटर ‘वार्प’वर, म्हणजे कमाल वेगावर, ठेवून महिनोन् महिने काम करायचं, डिस्क झटक्यात लोड होते, आणि शेवटी खऱ्या मशीनवर टाकलं की कळतं, प्रत्येक लढाईआधी चहा होईल इतका वेळ जातोय. दुसरा खड्डा टीव्हीचा. युरोपातली मशीन ५० हर्ट्झची, म्हणजे चित्र सेकंदाला ५० वेळा रंगतं आणि संगीत सहसा त्याच ठेक्यावर चालतं, अमेरिकेतली ६०, त्यामुळे युरोपात केलेलं संगीत अमेरिकेत घाईत पळतं.

काही गेम

हंगेरीत १९९४ ला आलेला ‘न्यूकमर’ आणि त्याची २००१ ची इंग्रजी वाढीव आवृत्ती हे या प्रकारातले थोरले. ॲपल टू वर ‘नॉक्स आर्केस्ट’ (२०२०), किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून पैसे जमवून केलेला, १२८ केबी मेमरी मागतो, खोक्यात छापील मॅन्युअल आणि कापडी नकाशा, आणि अल्टिमा या गाजलेल्या जुन्या आरपीजी मालिकेतला राजा लॉर्ड ब्रिटिश त्यात परवानगीने येऊन जातो. ‘ब्रायली विच क्रॉनिकल्स’ (२०२१) हा कमोडोरवर जपानी धाटणीचा, करणारीच्या स्वतःच्या कादंबऱ्यांवर. आणि २०२२ मध्ये ‘आय ऑफ द बीहोल्डर’ हा १९९१ चा पीसी गेम कमोडोरवर उतरवला गेला, पण तो १ एमबीच्या ईझीफ्लॅश कार्ट्रिजवर (मशीनच्या मागे खोचायची मेमरीची डबी), म्हणजे जागेचा प्रश्नच निकालात. यावर जुने लोक नाक मुरडतात, मला त्यात काही गैर वाटत नाही, कार्ट्रिज तेव्हाही होतीच.

आपल्याकडे

भारतात ही मशीन फार थोड्यांनी पाहिली. १९८४ च्या सरकारी क्लास योजनेत (शाळांत कॉम्प्युटर शिकवायची योजना) काही शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले, स्पेक्ट्रमही इथे विकला गेला, पण मराठी घरांत आठ बिटांची खरी ओळख झाली ती नव्वदीतल्या ‘टीव्ही गेम’ने, त्या ‘९९९९ इन १’ कॅसेटवाल्या. त्याच्या आतला चिपही त्याच ६५०२ च्या भाऊबंदांतला! फक्त त्यावर आरपीजी क्वचितच मिळायचा, मारियो आणि काँट्राच.

मराठीत असा गेम करायचा म्हटला तर पहिली गोची अक्षरांचीच. ८ बाय ८ च्या चौकटीत शिरोरेषा, वर वेलांटी, खाली उकार, हे सगळं कोंबलं तर मधल्या अक्षराला चार-पाच पिक्सेल उरतात, ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू येत नाहीत. एकाखाली एक दोन चौकटी दिल्या तर २५ ऐवजी १२ ओळी मिळतात, आणि जोडाक्षरं धरली तर २५६ आकार बघताबघता संपतात. मग राहतो बिटमॅप मोड, त्यात हवं तसं रेखाटता येतं, पण साध्या स्क्रीनला १,००० बाइट्स लागतात तिथे याला ८,००० लागतात, म्हणजे मघाचे नकाशाचे आठेक तुकडे त्यातच गेले.