टीएसआर कंपनीची अखेर

टीएसआर ही अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावची खेळप्रकाशन कंपनी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग खेळ तिचा. १९९६ च्या अखेरीस ती कर्जात रुतली आणि १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रतिस्पर्धी कंपनीने ती विकत घेतली.

गॅरी गायगॅक्स आणि डॉन के या मित्रांनी १९७३ मध्ये कंपनी काढली. पुढच्या वर्षी निघालेल्या खेळाच्या पहिल्या हजार प्रती त्यांनी हातानेच जुळवल्या होत्या: लाकडी रेषांचा कागद डकवलेले खोके, आत तीन पातळ पुस्तिका. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रे व्हायचे आणि निकाल लावायचा तिथे फासे टाकायचे. असा खेळ मूठभर पुस्तकांवर वर्षानुवर्षे चालतो. खेळणाऱ्यांसाठी हे वरदान, पण प्रकाशकाला मात्र सतत नवे काहीतरी काढत राहावे लागते.

१९८५ मध्ये गायगॅक्स यांच्या हातून कंपनी गेली व लॉरेन विल्यम्स प्रमुख झाल्या. पुढील दहा वर्षांत ‘फर्गॉटन रेल्म्स’, ‘डार्क सन’, ‘प्लेनस्केप’ अशी एकामागून एक काल्पनिक विश्वे आली. त्यांतली काही फारच सुंदर होती. पण एका विश्वात रमलेला गट दुसऱ्याची पुस्तके घेईना, आणि तोच वाचकवर्ग तुकड्यांत वाटला गेला. त्यातच १९९३ मध्ये विझार्ड्सचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ आला आणि हौशी मंडळींचा खिसा तिकडे रिकामा होऊ लागला. टीएसआरने उत्तरादाखल ‘स्पेलफायर’ हे पत्ते आणि ‘ड्रॅगन डाइस’ हे फासे काढले.

खरा घात वितरणाच्या व्यवहाराने केला. पुस्तकांच्या दुकानांत टीएसआरचा माल रँडम हाऊस या मोठ्या प्रकाशनसंस्थेमार्फत जाई. माल पोहोचला की विक्रीची वाट न पाहता उचल मिळे. न खपलेला माल मात्र परत येई आणि तेवढी रक्कम अंगावर पडे. म्हणजे हाती खेळणारा पैसा ही कमाई नव्हती, उधारी होती. ती भागवायला आणखी माल छापून पाठवायचा, की पुन्हा उचल. १९९६ मध्ये कादंबऱ्या आणि ‘ड्रॅगन डाइस’ यांचे ढीग परत आले. कर्ज ३ कोटी डॉलरच्या वर गेले. थकबाकीमुळे छापखान्याने काम थांबवले. छपाई नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून छपाईला पैसा नाही. डिसेंबरमध्ये सुमारे ३० जणांची नोकरी गेली. टीएसआरच्या ‘ड्रॅगन’ मासिकाचे अंक १९९७ च्या पूर्वार्धात काही महिने निघालेच नाहीत.

पंधरा वर्षांपूर्वी टीएसआर सावकाराच्या बाजूला होती. १९८२ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या एसपीआय या युद्धखेळांच्या प्रकाशकाला ४ लाख डॉलरहून अधिक कर्ज दिले, लगेच परत मागितले आणि ते फिटेना तेव्हा त्याची मालमत्ता ताब्यात घेतली. एसपीआयच्या मासिकाचे आजीव वर्गणीदार वाऱ्यावर सोडले गेले. त्या वाचकांचा राग समजण्यासारखा होता.

विझार्ड्सचे प्रमुख पीटर ॲडकिसन स्वतः ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वर वाढलेले. त्यांनी सुमारे अडीच कोटी डॉलरना टीएसआर घेतली, लेखकांची देणी चुकती केली आणि अडकलेली छपाई सुरू करून दिली. लेक जिनीव्हाचे कार्यालय बंद झाले. तयार होते ते कर्मचारी वॉशिंग्टन राज्यातील रेंटनला गेले. १९९९ मध्ये हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विझार्ड्सलाच विकत घेतले. २००० मध्ये आलेली खेळाची तिसरी आवृत्ती विझार्ड्सच्या नावाने निघाली.