मुखवट्याआडचा माणूस आणि पडद्यावरचं खरं भूत

भूत दोरीने करकचून बांधलेलं असतं. फ्रेड पुढे होतो, त्याच्या तोंडावरचा मुखवटा ओढून काढतो, आणि आतून निघतो एखादा वकील, बँकवाला, नाहीतर मघाशी गोड बोलून गेलेला रखवालदार. गुप्तधनासाठी, जमिनीसाठी किंवा चोरीचा माल दडवण्यासाठी त्याने हे सोंग घेतलेलं असतं. ‘ही आगाऊ पोरं मध्ये कडमडली नसती तर मी सहीसलामत सुटलो असतो,’ अशा अर्थाचं काहीतरी चडफडत तो पोलिसांबरोबर जातो. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शाळेतून घरी येऊन टीव्हीसमोर बसणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी मुलांना ‘स्कूबी-डू’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा हा शेवट तोंडपाठ झाला. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा आणि शॅगी ही चार तरुण पोरं आणि त्यांचा स्कूबी हा कुत्रा त्यात भुताखेतांची रहस्यं उलगडतात. महाराष्ट्रात त्याच काळात भानामतीचं बिंग फोडणाऱ्या अंनिसच्या कार्यकर्त्यांच्या हकिगती कानावर पडत होत्या. दगड पडतात, कपडे पेटतात, आणि शेवटी त्यामागे घरातलंच कुणीतरी निघतं. त्यामुळे हा अमेरिकन कुत्रा मला कधी परका वाटला नाही.

या मालिकेवर हाडामांसाच्या नटांना घेऊन जे चित्रपट निघाले, ते समजून घ्यायचे तर याच शेवटापासून सुरुवात करावी लागते. कारण चित्रपटांनी सगळ्यात आधी बदलला तो हाच शेवट.

मुळात हा शेवट आला कुठून? १९६८ साली अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि टीव्हीवरच्या हिंसेबद्दल पालकांमध्ये मोठी अस्वस्थता पसरली. शनिवारी सकाळी मुलांसाठी जी कार्टून्स लागत, त्यांत तेव्हा मारधाड करणाऱ्या महानायकांची चलती होती. त्याच वर्षी ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही पालकांची संघटना उभी राहिली. वाहिन्यांनी मारामारीच्या मालिका गुंडाळायला घेतल्या आणि सगळ्यात मोठा फटका बसला तो हॅना-बार्बेरा या स्टुडिओला, कारण त्यातल्या बऱ्याचशा मालिका त्यांच्याच होत्या. सीबीएस वाहिनीचे फ्रेड सिल्व्हरमन यांना आता निरुपद्रवी पण उत्कंठा असलेलं काहीतरी हवं होतं. गाणी म्हणणाऱ्या तरुण पोरांची ‘द आर्ची शो’ ही मालिका नुकतीच चालली होती. तशीच पोरं, पण रहस्य उलगडणारी, अशी त्यांची मागणी होती.

लेखक जो रूबी आणि केन स्पिअर्स यांनी हे काम हाती घेतलं. पात्रांसाठी त्यांनी १९५९ ते १९६३ या काळात गाजलेल्या ‘द मेनी लव्ह्ज ऑफ डोबी गिलिस’ या विनोदी मालिकेतल्या तरुणांचा साचा घेतला. तिथला कामाच्या नावाने दचकणारा, हनुवटीवर दाढीचं खुंट ठेवणारा मेनार्ड म्हणजे आपल्या शॅगीचा सरळसरळ पूर्वज. आरंभीच्या आराखड्यात ही पोरं वाद्यवृंद चालवत होती आणि कुत्रा मागे कुठेतरी होता. सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी चित्रं पाहिली आणि लहान मुलांसाठी हे फार भीतिदायक आहे म्हणून मालिका नाकारली. मग सिल्व्हरमन यांनी कुत्र्याला पुढे आणलं आणि विनोद वाढवला. विमानात बसलेलं असताना फ्रँक सिनात्रा यांच्या ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’ गाण्याच्या शेवटचं ‘डू-बी-डू-बी-डू’ कानावर पडलं आणि त्यातून कुत्र्याचं नाव सुचलं, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे.

म्हणजे भूत खोटं निघणं, त्यामागे लोभी माणूस असणं, पोरांना इजा न होणं, भीतीच्या जोडीला सँडविचचे डोंगर असणं, हे सगळं मुलं घाबरू नयेत या काळजीपोटी बसलेल्या चौकटीला फार शोभणारं होतं. विवेकवाद शिकवावा म्हणून कुणी ही मालिका काढली नव्हती. पण त्या चौकटीतच मुलांच्या करमणुकीतली एक अत्यंत विवेकी गोष्ट तयार झाली, आणि मला तरी ती या मालिकेची खरी कमाई वाटते.

कुत्रा रेखाटला तो इवाओ ताकामोतो यांनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा ताकामोतो यांचं कुटुंब कॅलिफोर्नियातल्या मँझनार छावणीत होतं. तिथे त्यांनी चित्रकला शिकायला सुरुवात केली आणि बाहेर आल्यावर डिस्नेत नोकरी मिळवली. हॅना-बार्बेरात ग्रेट डेन कुत्रे पाळणाऱ्या एका सहकारी बाईंना त्यांनी विचारलं, की उत्तम ग्रेट डेन कसा असतो? बाईंनी पाठीचा कणा, पाय, हनुवटी असे एकेक गुण सांगितले आणि ताकामोतोंनी नेमकं उलटं काढलं. पाठ उताराची, पाय फेंगडे, हनुवटी लोंबती. १३ सप्टेंबर १९६९ रोजी ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ सुरू झाली. त्या मूळ मालिकेचे दोन हंगामांत मिळून भाग झाले अवघे २५.

पुढची तीस वर्षं भराभर सांगतो. पाहुण्या कलाकारांना घेऊन लांब भाग झाले, मालिका सीबीएसकडून एबीसी या दुसऱ्या वाहिनीकडे गेली, आणि १९७९ मध्ये घसरती लोकप्रियता सावरायला स्कूबीचा बारकासा भाचा स्क्रॅपी-डू आणला गेला. त्याने तेव्हा मालिका तारली. पण मूळ चौकडीतले फ्रेड आणि वेल्मा बाजूला पडले आणि जुने प्रेक्षक स्क्रॅपीवर जो दात धरून बसले तो कायमचा. १९८० च्या दशकात खरी भुतं मालिकेत शिरू लागली. १९९८ मध्ये थेट व्हिडिओवर आलेल्या ‘स्कूबी-डू ऑन झोंबी आयलंड’ या ॲनिमेशनपटाने तर जाहिरातच अशी केली की या खेपेला राक्षस खरे आहेत. तो गाजला. पुढच्या चित्रपटांची वाट तिथेच पडली, असं मला वाटतं.

दरम्यान कंपन्यांची उलथापालथ झाली होती. हॅना-बार्बेरा १९९१ मध्ये टर्नर या प्रसारण कंपनीकडे गेली आणि १९९६ मध्ये टर्नरच टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. त्यामुळे स्कूबी आपोआप वॉर्नर ब्रदर्सच्या घरात आला. हॅना-बार्बेराच्याच ‘द फ्लिंटस्टोन्स’वरचा १९९४ चा चित्रपट चांगला चालल्यामुळे जुन्या कार्टूनवर खऱ्या नटांचा चित्रपट काढता येतो, हे साऱ्या हॉलिवूडला दिसलंच होतं.

‘स्कूबी-डू’ अमेरिकेत १४ जून २००२ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक राजा गॉस्नेल. फ्रेडी प्रिन्झ ज्युनियर, सारा मिशेल गेलर, लिंडा कार्डेलिनी आणि मॅथ्यू लिलार्ड ही चौकडी, जोडीला रोवन ॲटकिन्सन. चित्रीकरण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये झालं. स्कूबी मात्र पूर्ण संगणकावरचा. तो घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीला बोलक्या डुकराच्या ‘बेब’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळालेलं होतं. तिचाच एक स्टुडिओ पुढे अनेक वर्षं मुंबईतही चालला. मूळ मालिका काटकसरीची होती. तीच पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा सरकवायची, बोलताना फक्त तोंड हलवायचं, अशी ती पद्धत. आता त्याच कुत्र्याचा केस न् केस हलवायचा होता, आणि लिलार्डला सेटवर नसलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पडून रडायचं होतं. त्याने ते इतकं मनापासून केलं की २००९ मध्ये केसी केसम या शॅगीच्या मूळ आवाजाने निवृत्ती घेतली, तेव्हा कार्टूनमधल्या शॅगीचा आवाजही लिलार्डकडेच आला.

पटकथा जेम्स गन यांची. पुढे ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ करणारे आणि आता सुपरमॅन-बॅटमॅनचे चित्रपट काढणाऱ्या डीसी स्टुडिओजची धुरा सांभाळणारे तेच गन. त्यांच्या मनात होता तो चित्रपट जरा मोठ्यांसाठीचा होता: मालिका पाहून वाढलेल्या लोकांना ज्या शंका येत, त्यांवर खेळणारा. शॅगी सतत भुकेला का असतो? वेल्माला नक्की कोण आवडतं? मिस्ट्री मशीन या गाडीतून धूर का येतो? पण स्टुडिओला सहकुटुंब बघता येईल असा चित्रपट हवा होता. गन यांनी नंतर सांगितलं आहे, की एका विनोदामुळे सेन्सॉरने आधी प्रौढांचं प्रमाणपत्र देऊ केलं होतं, आणि नट्यांचे खोल गळे संगणकावर झाकले गेले. वेल्मा आपल्या पटकथेत उघडपणे समलिंगी होती आणि ती बाजू टप्प्याटप्प्याने पुसली गेली, हेही त्यांनी २०२० मध्ये लिहिलं. चित्रपट बघताना या खाणाखुणा अजून दिसतात. गाडीतून धूर निघतो, आणि आत शॅगी-स्कूबी काहीतरी भाजत बसलेले निघतात. गांजावरचा अर्धवट राहिलेला विनोद ओळखू येतो.

माझ्या दृष्टीने जास्त मोलाची गोष्ट वेगळीच आहे. चित्रपटाचा पहिला प्रसंग तंतोतंत जुन्या मालिकेसारखा आहे: खेळण्यांचा कारखाना, उडणारं भूत, सापळा, मुखवटा, आत माणूस. त्यानंतर श्रेयावरून भांडून चौकडी फुटते, आणि दोन वर्षांनी स्पूकी आयलंडवर एकत्र येते तेव्हा समोरची पिशाच्चं खरी असतात. माणसांचे आत्मे काढून घेणारी, संगणकाने रंगवलेली. एवढा पैसा राक्षसांवर ओतल्यावर शेवटी ‘ती रबराची होती’ असं सांगणं कुठल्या निर्मात्याला परवडणार? तरीही गन यांनी मुखवट्याचा मान राखला. बेटाचा मालक म्हणून वावरणारा ॲटकिन्सन शेवटी उघडतो, आणि आत यंत्र चालवत बसलेला असतो स्क्रॅपी-डू. जुन्या प्रेक्षकांचा वीस वर्षांचा राग थेट कथेत उतरवण्याची ही युक्ती मला आजही फार हुशारीची वाटते. ज्या लहान मुलांना स्क्रॅपी मनापासून आवडत होता, त्यांचं मात्र वाईट वाटतं.

समीक्षकांनी चित्रपट झोडपला. प्रेक्षकांनी ऐकलं नाही. सुमारे ८ कोटी ४० लाख डॉलर खर्चून काढलेल्या चित्रपटाने जगभरात सुमारे २७ कोटी ५० लाख डॉलर मिळवले.

दुसरा भाग, ‘मॉन्स्टर्स अनलीश्ड’, २६ मार्च २००४ रोजी आला. त्याच्या आदल्याच आठवड्यात गन यांनीच लिहिलेला ‘डॉन ऑफ द डेड’ हा भयपट लागला होता. लागोपाठच्या दोन आठवड्यांत एकाच लेखकाचे दोन चित्रपट अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. कल्पना या भागाची अधिक चांगली होती. चौकडीने पकडलेल्या जुन्या गुन्हेगारांचे पोशाख संग्रहालयात मांडलेले आहेत, आणि एका यंत्रामुळे तेच पोशाख जिवंत होतात. ज्या सोंगांत माणसं होती, त्यांत आता माणूसच उरलेला नाही! मूळ मालिकेचा इतका नेमका उलटा अर्थ दुसऱ्या कुठल्याच रूपांतराने लावला नाही. कमाई मात्र सुमारे १८ कोटी डॉलरवर थांबली आणि ठरत आलेला तिसरा भाग बारगळला.

नंतरचे प्रयत्न लहान पडद्यावरचे. मालिकेला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, १३ सप्टेंबर २००९ ला, कार्टून नेटवर्कने ‘द मिस्ट्री बिगिन्स’ दाखवला. तो चौकडीच्या शाळकरी दिवसांचा आणि ‘द फ्लिंटस्टोन्स’वाल्याच ब्रायन लेव्हंट यांनी दिग्दर्शित केलेला. पुढच्या वर्षी तळ्यातल्या राक्षसाचा एक, आणि २०१८ मध्ये ‘डॅफ्नी अँड वेल्मा’ हा कुत्र्याशिवायचा एक. त्यांत पैसा कमी होता आणि खरं सांगायचं तर लक्षात राहण्यासारखंही कमीच.

वेल्माची पुसलेली बाजू मात्र परत आली, तीही कार्टूनमध्येच. २०२२ च्या ‘ट्रिक ऑर ट्रीट स्कूबी-डू!’ या ॲनिमेशनपटात ती एका मुलीच्या प्रेमात पडते आणि कुणी ते झाकत नाही. वीस वर्षांपूर्वी ज्या स्टुडिओला ही गोष्ट नको होती, त्याच घरातून हा चित्रपट आला.

मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने खऱ्या नटांची मालिका जाहीर केली. लेखक जॉश ॲपलबॉम आणि स्कॉट रोझेनबर्ग. उन्हाळी शिबिरातले शॅगी आणि डॅफ्नी, एक हरवलेलं ग्रेट डेनचं पिल्लू, आणि त्या पिल्लाने कदाचित पाहिलेला एक खून, अशी कथेची ओळख दिली आहे. त्या ओळखीत वेल्माला वैज्ञानिक वृत्तीची म्हटलं आहे, आणि खुनाला ‘अमानवी’. त्या खुन्याच्या तोंडावर मुखवटा असेल, अशी मला फार आशा आहे.