माग (खानदेश)

चोरीचा तपास आणि गेलेल्या मालाची भरपाई यांची खानदेशातील जुनी ग्रामव्यवस्था. चोरी झाली की गावचा जागल्या म्हणजे राखणदार (इथे तो बहुधा भिल्ल असे) चोराचे पाऊल किंवा गुराचा खूर काडीने मोजून घेई, ठसे धरत शिवेपर्यंत जाई आणि तिथे माग पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी. माग ज्या गावात थांबे, त्या गावावर मालाची जबाबदारी पडे.

राखणीबद्दल भिल्लांना मिळणाऱ्या हक्कांविषयी दोन मते आहेत. इंग्रज अंमलदारांच्या लिखाणात लुटू नये म्हणून दिलेली खंडणी हा अर्थ वारंवार येतो. दुसऱ्या मताने ते राखणीचे वेतन. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. खंडणी घेणारा चोरीस गेलेल्या मालाची हमी घेत नाही. इथे हक्कासोबत जबाबदारीही येत असे. घाटवाटांच्या तोंडाशी मात्र दोन्ही प्रकार मिसळलेले असावेत.

१८०२ च्या सुमाराची होळकरी लूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत गावे ओस पडली, राखण मोडली आणि अनेक भिल्ल सातपुडा-सातमाळ्यात शिरले. १८१८ नंतर, इंग्रज अंमल आल्यावर, कॅप्टन ब्रिग्ज या अंमलदाराच्या काळात धाडलेल्या तुकड्या डोंगरातल्या तापानेच खचल्या. अखेर माफी, नेमणुका आणि १८२५ मध्ये धरणगावी इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम यांनी उभारलेली भिल्ल पलटण हा मार्ग धरावा लागला. शिक्षेच्या इतिहासात या माघारीला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

मुंबई इलाख्याचे १८२७ चे रेग्युलेशन आणि १८६२ पासून लागू झालेली भारतीय दंड संहिता यांनी चोरी हा सरकारविरुद्धचा गुन्हा ठरवला. कलम ३७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. दंड सरकारजमा, मालधनी बाजूला. दंडातून भरपाई देववण्याची सोय १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये होती; २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे.

दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. या तरतुदीचा उगम खानदेशी मागात शोधणे चूक ठरेल. तरीही शिवेवर जागल्याला विचारला जाणारा प्रश्न, माल परत आला का, आता धुळे-नंदुरबारच्या न्यायालयांतही शिक्षा ठरवताना विचारावा लागतो. उत्तर मात्र गावाने नव्हे, एकट्या आरोपीने द्यायचे असते.