पळणाऱ्याने वाटेत खावं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पेडर रोडच्या चढाला लागते तेव्हा दोन्ही बाजूंना लोक उभे असतात. कुणाच्या हातात संत्र्याच्या फोडी, कुणाकडे बिस्किटं, कुणाकडे चिक्की. पळणाऱ्यांच्या कमरेच्या पट्ट्यात जेलची, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाची, पाकिटं असतात ती वेगळीच. ४२.१९५ किलोमीटर पळायचं तर वाटेत काहीतरी गोड पोटात जायला हवं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पण हे शहाणपण तसं अलीकडचं. विसाव्या शतकाचा अर्धा काळ उलटून गेला तरी खरा धावपटू वाटेत खात नाही आणि पाण्यालाही शक्यतो तोंड लावत नाही, अशीच समजूत होती.

या समजुतीचा सर्वांत विचित्र नमुना म्हणजे १९०४ ची सेंट लुईस ऑलिंपिक मॅरेथॉन. ऑगस्टमधली दुपार, कच्चा रस्ता, पुढे धावणाऱ्या मोटारींनी उडवलेली धूळ, आणि सबंध मार्गावर पाणी मोजून एक-दोन ठिकाणी. ही काटकसर आयोजक जेम्स सलिव्हन यांनी मुद्दाम केली होती, पाण्यावाचून शरीराचं काय होतं ते त्यांना पाहायचं होतं, असं सांगितलं जातं. ३२ जण निघाले, १४ पोचले. विजेता ठरलेला थॉमस हिक्स पाणी मागत होता. सोबतच्या मदतनिसांनी त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकात कालवून स्ट्रिक्निन दिलं, पुढे ब्रँडी पाजली. स्ट्रिक्निन म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांमधलं विष. तेव्हा ते थोड्या मात्रेत उत्तेजक म्हणून चालायचं. थोडक्यात, पाणी वर्ज्य आणि विष चालेल! क्युबाचा फेलिक्स कार्वाहाल वाटेत सफरचंदं खाऊन पोटदुखीने आडवा झाला आणि तरीही चौथा आला, अशीही एक गोष्ट आहे. लोकांनी त्यातून ‘खाल्लं की पोट दुखतं’ एवढंच उचललं, चौथ्या क्रमांकाकडे पाहिलं नाही. पुढे १९०९ मध्ये सलिव्हन यांनी मॅरेथॉनवर पुस्तिका लिहिली, त्यात वाटेत खाण्यापिण्याची सवय लावून घेऊ नका असं बजावलेलं आहे.

त्याच सुमाराला पुण्यात काय चाललं होतं? डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी घरातली मुलं खडीच्या रस्त्यावर अनवाणी पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिली. कसलंही आधुनिक प्रशिक्षण नाही, खाणं निकृष्ट, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत, असं दोराबजींनी पुढे एका पत्रात लिहिलं. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा चमू गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथली ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत होते. दोराबजींना निकृष्ट वाटलेलं खाणं म्हणजे बहुधा भाकरी, चटणी, कांदा. आज एखाद्या आहारतज्ज्ञासमोर ते ताट ठेवलं तर ती डाळ-दूध वाढवायला सांगेल, पण भाकरीला हात लावणार नाही.

भाकरीतल्या पिठाचं महत्त्व पहिल्यांदा मोजलं गेलं ते १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये. सॅम्युएल लेव्हिन आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी शर्यत संपवणाऱ्यांचं रक्त तपासलं. जे फिकट पडले होते, थरथरत होते, नीट बोलूही शकत नव्हते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली होती. इन्शुलिन तेव्हा नुकतंच वापरात आलं होतं आणि त्याचा डोस जास्त झालेल्या रुग्णाची अवस्था डॉक्टरांच्या ओळखीची होती; हे धावपटू तसेच दिसत होते. पुढच्या वर्षी त्यांनी काही जणांना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय खाणं आणि पळताना साखरेच्या गोळ्या खायला सांगितलं. या वेळी साखर टिकली, माणसंही टिकली.

म्हणजे उत्तर १९२५ मध्येच हाती आलं होतं. नंतर चाळीसेक वर्षं मैदानावर त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. हौशी खेळाच्या त्या जमान्यात सोसणं हाच मोठा गुण समजला जाई. वाटेत खाणारा म्हणजे कच्चा गडी. नियमही त्याच वळणाचे होते: खाणंपिणं आयोजक ठेवतील तिथेच, आणि तेही सुरुवातीचे बरेच किलोमीटर सरल्यावर. १९३९ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्टेन्सेन आणि हॅन्सेन यांनी सायकलवर दाखवून दिलं की पिष्टमय आहारावरचा माणूस स्निग्ध आहारावरच्या माणसाच्या दुपटीहून जास्त वेळ टिकतो. तेही प्रयोगशाळेतच राहिलं.

चित्र पालटलं ते स्टॉकहोममध्ये, एका सुईमुळे. योनास बर्गस्ट्रोम यांनी १९६० च्या दशकात स्नायूचा बारीकसा तुकडा काढून घेण्याची सुई प्रचारात आणली. मग त्यांनी आणि एरिक हुल्टमन यांनी प्रयोग स्वतःवरच केला. एकच सायकल, दोघे दोन बाजूंना, एकेक पाय पॅडलवर, दुसरा पाय निवांत. थकेपर्यंत पॅडल मारायचं आणि मग तीन दिवस पिष्टमय पदार्थांवर ताव मारायचा. दमलेल्या पायातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, निवांत पायाच्या जवळपास दुप्पट झाला. माणूस तोच, जेवण तेच, फरक फक्त पायात! हे १९६६ मध्ये प्रसिद्ध झालं.

मॅरेथॉनमधली कुप्रसिद्ध ‘वॉल’, म्हणजे पळणारा अचानक भिंतीवर आदळल्यासारखा गळून जातो ती अवस्था, त्यावरून उलगडते. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे २,००० कॅलरी साठवतात. पळायला दर किलोमीटरला दर किलो वजनामागे अंदाजे एक कॅलरी लागते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी २,५०० च्या वर. उरलेलं चरबी भागवते, पण तिला प्राणवायू जास्त लागतो आणि ती सावकाश जळते. म्हणूनच तिसाव्या किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात.

इंग्लंडचा रॉन हिल, जो स्वतः रसायनशास्त्रज्ञ होता, ही युक्ती उचलणाऱ्या पहिल्या धावपटूंपैकी एक. आधी साठा रिकामा करायचा, काही दिवस पिष्टमय पदार्थ बंद, मग शेवटचे दिवस नुसते तेच, असा तो कडक बेत. १९६९ ची युरोपियन मॅरेथॉन त्याने अथेन्समध्ये जिंकली. उपासाचा भाग अनावश्यक आहे हे १९८१ मध्ये शेरमन आणि कॉस्टिल यांनी दाखवलं. आधीचे दिवस चिडचिड करत काढणाऱ्यांची त्यातून सुटका झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर तर गॅस घालवलेला कोका-कोला पिऊन जिंकला.

पाण्याची कथा वेगळ्या वाटेने आली. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या रॉबर्ट केड यांनी अमेरिकन फुटबॉल संघासाठी मीठ-साखरेचं पेय बनवलं, तेच गेटोरेड. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून येतं, हे त्यामागचं तत्त्व. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. ते काम कुठल्याही मॅरेथॉनपेक्षा मोठं.

मात्र ‘पिऊ नका’चं लवकरच ‘तहान लागण्याआधी प्या’ झालं, आणि तेही अंगलट आलं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम नेहमीच्या पातळीहून कमी आढळलं. कारण मुख्यतः जास्त पाणी. मागे राहिलेल्या, चार तासांहून अधिक वेळ लावणाऱ्या हौशी मंडळींना हा धोका अधिक. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून पेला रिकामा करणारे तेच असतात.

जेल १९८० च्या दशकाअखेर आणि नव्वदीत आली. ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषलं जातं, पण फ्रुक्टोजचं आतड्यातलं दार वेगळं असल्याने दोन्ही मिळून ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, हे २००० नंतर स्पष्ट झालं. आज महागड्या पाकिटांवर हे मिश्रण मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. साध्या साखरेच्या प्रत्येक रेणूत हे दोन्ही निम्मे-निम्मे असतात, हे मात्र छापत नाहीत. २००४ मध्ये केनियाच्या अव्वल धावपटूंच्या जेवणाची मोजदाद झाली तेव्हा तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा पिष्टमय पदार्थ आणि साखरेतून येत होती: मक्याच्या पिठाची उगाली आणि भरपूर साखर घातलेला दुधाचा चहा.

पेडर रोडवरच्या चिक्कीबद्दल एकच. तिच्यात अर्धे दाणे, म्हणजे तेल. शर्यतीच्या वेगात ते पोटात बसून राहतं. रविवारच्या लांब पळण्यात सवय करून पाहायची तर नुसता गूळ किंवा खजूर बरा, आणि चिक्की घरी आल्यावर.