रक्तदाब नसतानाही ब्रेन हॅमरेज : अमायलॉइडची पार्श्वभूमी

सत्तरीतल्या माणसाला ब्रेन हॅमरेज झालं की पहिला संशय रक्तदाबावर जातो. बऱ्याचदा तो खराही असतो. पण रक्त मेंदूच्या गाभ्यात न साचता पृष्ठभागालगतच्या भागात, विशेषतः मागच्या बाजूला साचलं असेल, तर रक्तवाहिनीच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठलं आहे का, हे पाहावं लागतं. या आजाराला सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी म्हणतात.

अमायलॉइड म्हणजे ‘पिष्टासारखं’. १८५४ मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी मेंदूतल्या काही कणांवर आयोडीन टाकलं, ते स्टार्चसारखे रंगले, म्हणून हे नाव. यकृत-प्लीहेत साठणारा असा पदार्थ मुळात प्रथिन आहे हे १८५९ मध्येच कळलं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला हा बदल गुस्ताव ओपेनहाइम यांनी १९०९ मध्ये नोंदवला. पुढची कित्येक दशकं तो शवविच्छेदनाच्या टेबलापुरताच राहिला. कारण साधं होतं : काँगो रेड या रंगाने रंगवलेला मेंदूचा काप ध्रुवित प्रकाशात हिरवट चमकला, तरच निदान पक्कं. जिवंत रुग्णाच्या मेंदूचा काप सहसा कोण काढणार?

१९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून बीटा अमायलॉइड वेगळं केलं. अल्झायमरच्या चर्चेत सतत येणारं हे प्रथिन आधी रक्तवाहिन्यांतच हाती लागलं, हे सहसा सांगितलं जात नाही. वयानुसार त्याचा निचरा मंदावतो, ते भिंतीत साठतं, तिथले स्नायू मरतात. भिंत ठिसूळ होते, तिचे थर सुटतात, आणि मग ती फुटते.

जिवंतपणी निदान शक्य झालं ते एमआरआयमुळे. जुन्या रक्तातलं लोह काही विशिष्ट प्रतिमांत काळ्या ठिपक्यांसारखं दिसतं. त्यावर बेतलेले, या आजाराच्या निदानाचे बोस्टन निकष १९९०च्या दशकात आले. २०१० मध्ये त्यांत मेंदूच्या पृष्ठभागावर साचलेल्या लोहाची भर पडली. २०२२च्या आवृत्तीने वयाची अट ५५ वरून ५० वर आणली आणि श्वेतद्रव्यातले (मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातले) बदलही धरले.

या निदानाने उपचाराची दिशा बदलते. दरवर्षी पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका या रुग्णांत सुमारे ७ टक्के, इतर कारणांच्या रक्तस्रावात सुमारे १ टक्का. म्हणून रक्त पातळ करणारी औषधं देताना हात आखडता घ्यावा लागतो. एक घातक चूक इथेच होते : या आजारात येणाऱ्या, हातावरून चेहऱ्याकडे हळूहळू सरकणाऱ्या, काही मिनिटांत थांबणाऱ्या मुंग्यांना पक्षाघाताचा इशारा समजून स्कॅनआधीच अॅस्पिरिन सुरू केलं जातं. रक्तदाब मात्र इथेही काटेकोर सांभाळावा लागतो; तो उतरवला की याही रक्तस्रावाचा धोका घटतो.

अल्झायमरवरच्या नव्या प्रतिपिंड औषधांनी या जुन्या आजाराला पुन्हा चर्चेत आणलं आहे. ती अमायलॉइड हटवू लागली की या कमकुवत वाहिन्या झिरपतात, मेंदूला सूज येते किंवा रक्त सांडतं. म्हणून औषध सुरू करण्याआधी एमआरआयवरचे ठिपके मोजतात. चारपेक्षा जास्त निघाले तर सहसा ते देत नाहीत.