पार्श्वभूमी : ठाण्यातल्या स्पूल टेपचा वेग कसा चुकला

नौपाडा, पाचपाखाडी भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की माळे रिकामे होतात आणि त्यात अधूनमधून पाच किंवा सात इंची स्पूल, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या टेपची रिळं, निघतात. डब्यावर फार तर ‘मुंज’ किंवा ‘नाट्यगीते, बाजू २’ एवढंच लिहिलेलं. मूळ मशीन बहुधा कधीच भंगारात गेलेलं असतं. मग चोरबाजारातून दुसरं आणायचं, बटण दाबायचं, आणि एकतर मशीनमधून धूर निघतो नाहीतर गवई भलत्याच पट्टीत गातो. धुराचं कारण मशीन उघडलं की दिसतं. पट्टीचं कारण शोधायला थोडं मागे जावं लागतं.

फ्रिट्झ फ्लॉयमर या अभियंत्याने १९२८ मध्ये जर्मनीत कागदाच्या पट्टीवर लोहाची पूड चिकटवून ध्वनिमुद्रण केलं. एईजी कंपनीने १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हा टेपरेकॉर्डर मांडला. १९४० मध्ये उच्च वारंवारतेचा बायस (मुद्रणाच्या वेळी आवाजात मिसळायचा, कानाला न ऐकू येणारा संकेत) आला आणि खरखर एकदम खाली गेली. युद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकी अभियंत्याने त्यातली दोन मशीनं अमेरिकेत नेली आणि १९४८ मध्ये अँपेक्स कंपनीचं २००ए हे मशीन बाजारात आलं. घरगुती मशीनं पन्नाशीच्या दशकात पसरली. टेपची रुंदी पाव इंचच, म्हणजे ६.३ मिमी राहिली, पण वेग निम्म्या-निम्म्याने घटत गेला : सेकंदाला ३८ सेंमी, १९, साडेनऊ, पावणेपाच. घरच्या बहुतेक टेप साडेनऊवर भरलेल्या असतात, कारण सात इंची स्पूलवर १८०० फूट पातळ टेप बसते आणि या वेगाला एका बाजूला दीड तासाहून अधिक मैफल मावते.

फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये आली, तरी आपल्याकडे ती घरोघरी पोचायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. तोवर मोठं ध्वनिमुद्रण म्हणजे स्पूल. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता, पण तो रेडिओचा. आयातीवर कडक बंधनं असल्याने टेपरेकॉर्डर बरेचदा परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून येत : जर्मन ग्रुंडिग, डच फिलिप्स, जपानी आकाई आणि सोनी, आणि थेट अमेरिकी बाजारातली मशीनं. खरी गोम या शेवटच्या गटात आहे.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. मशीन ११७ व्होल्टचं असलं की लोक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावत आणि काम झालं असं समजत. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. या मशीनची एसी मोटर वारंवारतेनुसार फिरते, त्यामुळे ती ५/६ वेगाने चाले. साडेनऊचा वेग प्रत्यक्षात आठच्या जरा खाली येई. मुद्रण आणि ऐकणं एकाच मशीनवर असल्याने घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तीच टेप आज बरोबर वेगाच्या मशीनवर लावली की १.२ पट वेगाने वाजते आणि सूर तीन स्वरांनी (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांनी) चढतो, म्हणजे काळी एकचा गवई पांढरी तीनमध्ये गाऊ लागतो. उलट, अमेरिकेत भरलेली टेप इथल्या न बदललेल्या अमेरिकी मशीनवर लावली की सूर तेवढाच उतरतो.

खात्री करायला टेपवरची वीजेची गुणगुण उपयोगी पडते. निवेदनाआधीची शांत जागा स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पाहावी. ५० हर्ट्झची रेघ ६० वर दिसली तर मुद्रणाचं मशीन अमेरिकी होतं. पण ही खूण अर्धवटच आहे. पूर्वी ग्रिडची वारंवारता पन्नासच्या बरीच खाली जायची. ती ४८.५ झाली की मोटरही तितकीच मंदावते, आणि गुणगुण व मोटर दोन्ही एकाच तारेवर असल्याने बरोबर वेगाला वाजवताना गुणगुण ५० वरच येते. संगीत मात्र तीन टक्के चढलेलं असतं, म्हणजे जवळपास अर्ध्या स्वराने. हा फरक फक्त पेटी सांगते. तिच्या पत्त्यांचा सूर ठरलेला असतो, त्यामुळे साथीला पेटी असेल तर तिच्यावरूनच अंतिम वेग लावावा. तंबोरा इथे निरुपयोगी, तो गायकाच्या सोयीने लावलेला.

आता मशीन. आकाई, सोनीच्या बऱ्याच मशीनांत ५० आणि ६० हर्ट्झसाठी पुलीचे दोन टप्पे किंवा बदलता येणारी कॅपस्टनची (टेप पुढे ओढणाऱ्या फिरत्या दांड्याची) बाही असते आणि मोटरच्या कपॅसिटरची जोडणीही बदलावी लागते. आधी हे बघावं. सोय नसेल तर बेल्टच्या मशीनमध्ये मोटरची पुली १.२ पट व्यासाची करून घ्यावी. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे, महापेच्या एमआयडीसीत लेथवर असं काम होतं. कॅपस्टनलाच बाही चढवणं टाळावं : पुलीतली थोडी चूक बेल्ट आणि फ्लायव्हील गिळून टाकतात, कॅपस्टनमधली थेट सुरात ऐकू येते.

पण त्याआधी वीज लावायची घाई नको. वीजेच्या बाजूचे जुने कागदी कपॅसिटर खाडीकाठच्या दमट हवेत ओल शोषतात, त्यांच्या कवचाला भेगा पडतात आणि चालू केल्यावर काही मिनिटांत ते धुमसतात. ते न तपासता काढून एक्स-२ या, थेट वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या सुरक्षित वर्गाचे बसवावेत. मग मशीनच्या वीजेच्या वाटेत सिरीज बल्ब लावून, शक्य असल्यास डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवावं. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

बेल्ट बहुधा वितळून डांबर झालेला असतो. हे डांबर कपड्याला लागलं की जात नाही. हातमोजे घालून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावं. नव्या बेल्टसाठी पुलींवरून दोरा फिरवून लांबी मोजावी आणि पाच-सहा टक्के कमी घ्यावी. त्याहून घट्ट बेल्ट मोटरचं बेअरिंग खातो. सुकलेलं ग्रीस पूर्ण काढून बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंबच द्यावेत. जास्त तेल उडून पिंच रोलरवर (टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी चाकावर) जातं आणि टेप घसरते. पिंच रोलर कडक, चकचकीत झाला असेल तर सँडपेपरने घासून काही साधत नाही, गोलाई बिघडते आणि सूर डुलतो. नवं रबर चढवून ग्राइंड करून घ्यावं.

ट्रॅकचा घोळ वेगळाच. जुनी मोनो मशीनं टेपचा अर्धा भाग एका बाजूला, अर्धा उलट बाजूला भरत. नंतर चार ट्रॅक आले : पहिला आणि तिसरा सरळ, दुसरा आणि चौथा उलट. चार ट्रॅकची टेप अर्ध्या ट्रॅकच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) लावली की गाण्याखाली उलटं बोलणं ऐकू येतं. मशीन बिघडलेलं नसतं, हेड चुकीचं असतं. अर्ध्या ट्रॅकची टेप चार ट्रॅकच्या मशीनवर चालते, फक्त उजवा चॅनल बंद ठेवावा. अॅझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, प्रत्येक टेपसाठी वेगळा लावावा, कारण मूळ मशीनचं हेड किती तिरकं होतं ते त्या टेपलाच ठाऊक. हेडचा स्क्रू हळू फिरवून ‘स’ आणि टाळ्या सर्वांत स्पष्ट कुठे येतात ते ऐकायचं.

टेप लावण्यापूर्वी स्पूल उजेडासमोर धरावी. प्रकाश आरपार दिसला तर टेपचं प्लॅस्टिक अॅसिटेट, नाहीतर बहुधा पॉलिएस्टर. अॅसिटेटला व्हिनेगरचा वास येतो, ती ठिसूळ असते आणि तुटते. तुटलेली टोकं नीट जुळतात, हे त्यातल्या त्यात बरं. पॉलिएस्टर ताणली जाते आणि ताणलेली परत येत नाही. पाठीला काळा थर असलेली सत्तरीनंतरची काही टेप, विशेषतः अँपेक्स ४०६ आणि ४५६, ओल शोषून चिकट होते आणि हेडवर किंचाळते. ती ५४ अंशांच्या आसपास आठ तास एकसारख्या उष्णतेत ठेवली की काही आठवडे वाजवण्याजोगी होते. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी नको, त्याचं तापमान वरखाली होतं. अॅसिटेट कधीही तापवू नये. पांढरी बुरशी असेल तर मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने काढावी, आणि पावसाळ्यात हे काम करूच नये.

मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, कुठलीही सफाई न करता घ्यावं. वेग संगणकावर दुरुस्त करता येतो, पण दुरुस्त प्रत वेगळी ठेवावी आणि किती टक्के बदल केला ते फाइलच्या नावातच लिहावं. टेप वाजून झाल्यावर जलद रिवाइंड करू नये. वाजताना उजव्या स्पूलवर बसलेली गुंडाळी सर्वांत सारखी असते. ती तशीच डब्यात ठेवून वर ‘शेवट बाहेर’ असं लिहावं.